दोन विमानांमधला वेळ

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत आम्हीही एक पुष्प गुंफावे, असा आग्रह मंडळाच्या चिटणीसांनी धरला, तेव्हा विषयाचा प्रश्न उभा राहिला. तंजावरचे भोसले, संतवाङ्मय, दक्षिणेतील मराठी शिलालेख हे विषय आमच्याहून अधिकारी वक्त्यांच्या वाट्याला गेले आहेत, आणि ते योग्यच आहे. आम्ही पडलो केंद्र सरकारच्या सेवेत तीस वर्षे काढलेले एक साधे बी. ए. आमचा अधिकार चालतो तो वेळापत्रके, नियम आणि टिपण्या एवढ्यापुरताच. तेव्हा त्याच प्रांतातला एक विषय आज आपल्यापुढे ठेवीत आहोत. विषय लहान आहे; पण आपल्यापैकी एकही घर असे नसेल की ज्याला तो कधी ना कधी भिडलेला नाही.

मंडळाच्या दूरध्वनीवर वर्षभरात येणाऱ्या विचारणांकडे आम्ही काही काळ लक्ष देऊन पाहिले. गणेशोत्सवाचे कार्यक्रम कधी आहेत, दिवाळीचा फराळ मिळेल का, हे प्रश्न असतातच. परंतु त्यांच्या जोडीला एक प्रश्न वारंवार येतो तो असा : “अमुक तारखेला आमची भाची सिंगापूरहून येते आहे. तिला चेन्नईला तीन तास आहेत. तेवढ्यात तिची आणि काकांची भेट होईल का? तिच्या हाती एक पिशवी देता येईल का?” विचारणारा कधी पुण्याहून विचारतो, कधी नागपूरहून, कधी क्वालालंपूरहून. प्रश्न दिसतो सोपा. तीन तास म्हणजे काही थोडा वेळ नव्हे, असे ऐकणाऱ्यालाही वाटते. या तीन तासांचे खरे मोल किती आणि त्यांत काय साधते, हाच आजचा विषय.

प्रथम हे ध्यानात घेऊ की, वाटेवर खोळंबलेल्या प्रवाशाची चिंता वाहणे ही गोष्ट या प्रांतातील मराठी माणसाला नवी नाही. रामेश्वराच्या वाटेवर तंजावरच्या राजांनी छत्रे उभारली. ओरत्तनाड येथील मुक्तांबाळ छत्र आजही उभे आहे. तेथे येणाऱ्या-जाणाऱ्या यात्रेकरूला अन्न मिळे, निवारा मिळे, आणि तो आजारी पडला तर औषधही मिळे. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनी सरकारच्या हाती गेला. तरीही या छत्रांची व्यवस्था आपल्याकडेच राहावी म्हणून सरफोजीराजांनी इंग्रज रेसिडेंटपाशी आग्रह धरला. राज्य गेले याहून वाटसरूचे अन्न तुटेल याची खंत ज्या राजाला अधिक वाटली, त्याची आठवण ठेवून आपण पुढे जाऊ.

पुढे आगगाडी आली. सेंट्रल स्टेशन १८७३ साली सुरू झाले आणि एग्मोरची इमारत १९०८ साली. मुंबईची मेल यायची ती सेंट्रलला. तंजावर, मदुरा, रामेश्वर या बाजूच्या गाड्या सुटायच्या त्या एग्मोरहून. दोन स्टेशनांमध्ये अंतर जेमतेम दोन किलोमीटर. परंतु वळकट्या, ट्रंका, फिरकीचे तांबे आणि सोवळ्याच्या पेट्या घेऊन निघालेल्या कुटुंबाला ते दोन योजने वाटे. जुन्या पिढीतील सभासदांना आठवत असेल की, या दोन स्टेशनांमध्ये आपल्या माणसाला भेटणे, त्याच्या हाती दशमीचा डबा देणे आणि त्याला दुसऱ्या गाडीत नीट बसवून देणे, हे मद्रासच्या मराठी कुटुंबांचे जणू नित्यकर्मच होते. याच शहरात रेल्वेतून उतरवून १९११ साली स्वातंत्र्यवीर सावरकरांना ‘महाराजा’ बोटीने अंदमानला नेण्यात आले. त्यांना येथे कोणी डबा देणारे नव्हते. आज अंदमानचे सेल्युलर जेल पाहण्यासाठी महाराष्ट्रातून जे शेकडो प्रवासी जातात, त्यांच्यापैकी अनेकांना चेन्नईलाच विमान बदलावे लागते. आणि ज्या विमानतळावर ते उतरतात त्याला सावरकरांचेच नाव आहे. पोर्ट ब्लेअर शहराचे नाव २०२४ साली श्री विजयपुरम् झाले, हेही येथे नमूद करतो, म्हणजे तिकिटावर किंवा बातमीत ते नाव पाहून कोणी गोंधळणार नाही.

विमानाने एका वाहनातून दुसऱ्या वाहनात जाण्याची परंपराही आपण समजतो तितकी अलीकडची नाही. १५ ऑक्टोबर १९३२ या दिवशी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे मुंबईला विमान आणले. ते उतरले जुहूच्या मैदानावर. विलायतेहून इंपीरियल एअरवेजने आलेले टपाल कराचीला टाटांच्या हाती पडले होते. मुंबईत ते नेव्हिल व्हिन्सेंट यांच्या हाती गेले. व्हिन्सेंट ते घेऊन निघाले, बेळ्ळारीला रात्रीचा मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी मद्रासला पोहोचले. म्हणजे या शहरात नियमित हवाई टपालाचे जे पहिले पत्र आले, तेच मुळी ठिकठिकाणी हात बदलत आले. त्यात ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, पत्र स्वतः कोठेही धावले नाही. ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी ते उचलून घेणारा माणूस उभा होता, म्हणून ते पोहोचले. आम्हाला आज जे सांगावयाचे आहे त्याचे सार या एका वाक्यात आहे. दोन विमानांच्या मधल्या वेळात एखादे काम साधायचे असेल, तर धावपळ प्रवाशाने करायची नसते. ती येथे राहणाऱ्याने करायची असते. प्रवाशाने फक्त तेच करावे, जे त्याच्यावाचून दुसऱ्या कोणालाही करता येणार नाही.

आता प्रत्यक्ष विमानतळाकडे वळू. मीनंबाक्कमचे जुने विमानतळ आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेले आहे. तिरुसूलमच्या बाजूला नव्या इमारती झाल्यावर देशांतर्गत टर्मिनलला कामराज यांचे आणि आंतरराष्ट्रीय टर्मिनलला अण्णा दुरै यांचे नाव मिळाले. त्या काळी ‘कामराज’ आणि ‘अण्णा’ एवढे सांगितले की काम भागत असे. आता तसे नाही. २०१३ साली नव्या इमारतींचे उद्घाटन झाले, आणि एप्रिल २०२३ मध्ये नवे आंतरराष्ट्रीय टर्मिनल झाले. सध्या परदेशी विमाने २ क्रमांकाच्या टर्मिनलवर, आणि देशातील विमाने १ व ४ अशा दोन टर्मिनलांवर येतात-जातात. तीन क्रमांकाची जुनी इमारत आता वापरात नाही. १ आणि ४ ही दोन्ही देशांतर्गत असली तरी ती शेजारी-शेजारी नाहीत. दोन टोकांना आहेत. “देशांतर्गतच्या दाराशी भेटू” असा निरोप एकाने दिला आणि दुसऱ्याने तो घेतला, तर दोघेही आपापल्या जागी बरोबर असून त्यांची भेट होत नाही, असे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. तेव्हा निरोपात टर्मिनलचा आकडा हवाच. शिवाय तो आकडा आदल्या दिवशी पुन्हा पाहून घ्यावा, कारण कोणत्या कंपनीचे विमान कोठून सुटेल हे मधूनमधून बदलते. पाट्या तमिळ, हिंदी आणि इंग्रजी अशा तीन भाषांत असतात. ‘वरुगै’ म्हणजे आगमन आणि ‘पुरप्पाडु’ म्हणजे प्रस्थान, हे दोन तमिळ शब्द येथे राहणाऱ्यांना ठाऊक असतातच; परगावच्या पाहुण्यालाही ते सांगून ठेवावेत. रिक्षावाल्याशी बोलताना त्यांचा उपयोग होतो.

आता हिशोब मांडू. अर्थसंकल्प मांडताना जमेची बाजू पाहून आनंदित होऊ नये, असे आमच्या पहिल्या वरिष्ठांनी आम्हाला शिकवले होते. सिंगापूरचे विमान सकाळी ९ वाजून १० मिनिटांनी उतरते आणि पुण्याचे विमान दुपारी १२.३० ला सुटते, असे समजू. जमेला ३ तास २० मिनिटे, म्हणजे २०० मिनिटे आली. आता खर्च पाहू. देशांतर्गत विमानाचे सामान घेणाऱ्या खिडक्या बहुतेक कंपन्या सुटण्याच्या एक तास आधी बंद करतात. ६० मिनिटे गेली. विमानातून बाहेर येणे, इमिग्रेशनची रांग, पट्ट्यावरून सामान मिळवणे आणि कस्टम्स यांना मिळून ८० मिनिटे धरावीत. रांग मोठी असेल तर तीही पुरत नाहीत. येथे एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. परदेशातून भारतात येताना सामान्यतः ज्या विमानतळावर पहिले पाऊल पडते, तेथेच सामान ताब्यात घेऊन कस्टम्समधून न्यावे लागते आणि पुढच्या विमानासाठी पुन्हा द्यावे लागते. “माझी बॅग थेट पुण्याला जाईल” या भरवशावर पट्ट्याकडे न फिरकणाऱ्याची बॅग चेन्नईतच राहते. उरली ६० मिनिटे. एका टर्मिनलहून दुसऱ्याला सामानासह जाणे आणि दारावरच्या केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या जवानाला तिकीट व ओळखपत्र दाखवून आत शिरणे यांस २५ मिनिटे. शिल्लक ३५ मिनिटे. त्यांतील निम्मी राखीव ठेवावीत, कारण विमान वेळेवर येईलच असे कोणी लिहून दिलेले नाही. म्हणजे वेळापत्रकात ज्याला आपण तीन तास वीस मिनिटांचा अवकाश समजत होतो, तो प्रत्यक्षात सतरा-अठरा मिनिटांचा निघाला. या सतरा मिनिटांत जे बसेल ते काम. बाकी सारे मनोरथ.

याच्याच जोडीने दुसरी एक गोष्ट सांगतो. दोन्ही विमानांचे तिकीट एकत्र काढलेले असेल, तर पहिले विमान उशिरा आल्याने दुसरे चुकल्यास प्रवाशाला पुढे पोहोचवण्याची व्यवस्था कंपनीने करायची असते. दोन तिकिटे वेगवेगळी काढली असतील, तर दुसऱ्या कंपनीच्या दृष्टीने आपण केवळ वेळेवर न आलेले प्रवासी ठरतो. वेगळ्या तिकिटांत दोन-चार हजार रुपये वाचतात, हे खरे. परंतु ज्या प्रवासात चुकामूक परवडणारी नाही, त्या प्रवासात ही काटकसर करू नये.

आमच्या परिचयातील एका गृहस्थांना येथे दोन विमानांमध्ये साडेचार तास होते. विजयवाड्याकडून येऊन त्यांना पुढे मुंबईला जायचे होते. घरात मुलीचे लग्न ठरलेले. त्यागरायनगरला जाऊन एक कांजीवरम साडी घ्यावी आणि परतावे, असा त्यांचा बेत. दूरध्वनीवर आम्ही त्यांना सांगितले की, साडी आम्ही घेऊन ठेवू, आपण बाहेर पडू नका. त्यांना ते पटले नाही. मुलीच्या लग्नाची साडी स्वतःच्या हाताने घ्यावी असे वाटणे स्वाभाविकच होते. जाताना सारे सुरळीत झाले. येताना कत्तिपाराच्या चौकाआधीच वाहनांची रांग लागली. साडी उत्तम मिळाली. विमान मिळाले नाही. ती रात्र त्यांनी आमच्याकडे काढली आणि दुसऱ्या दिवशी मुंबईच्या तिकिटाला साडीइतकेच पैसे मोजले. ही हकिगत हसण्यावारी नेण्यासारखी आहे, कारण त्यात गेले ते फक्त पैसे. सगळ्याच वेळी तसे नसते.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यातली एक गोष्ट सांगतो. नावे सांगत नाही; आपल्यापैकी काहींना ती ठाऊक असतील. नंगनल्लूरला राहणाऱ्या आपल्या एका सभासदाच्या आई, वय वर्षे चौऱ्याऐंशी. त्यांचा थोरला मुलगा पुण्याला रुग्णालयात होता आणि डॉक्टरांनी नातेवाइकांना बोलावून घ्या असे सांगितले होते. येथला मुलगा स्वतः शस्त्रक्रिया होऊन अंथरुणाला खिळलेला, सून त्याच्यापाशी. आजींना पुण्याला घेऊन जाणारे कोणी नव्हते. त्याच वेळी थोरल्याची मुलगी, म्हणजे आजींची नात, सिंगापूरहून वडिलांकडे निघाली होती. तिला चेन्नईवरूनच जायचे होते. आम्ही आता मांडला तोच हिशोब तिच्या प्रवासाचा होता. प्रश्न असा की, त्या मधल्या वेळात आजींना घेऊन ती पुढच्या विमानात बसू शकेल काय?

मंडळाच्या तीन कुटुंबांनी आदल्या रात्री बसून कामाची वाटणी केली. नातीला कळवले : फक्त हातातली बॅग घेऊन ये, म्हणजे पट्ट्यापाशी थांबायला नको, पुण्याच्या विमानाचा बोर्डिंग पास आधीच काढून ठेव, इकडे आल्यावर मोबाइल चालेलच असे नाही, म्हणून आमचे क्रमांक आणि टर्मिनलचा आकडा कागदावर लिहून पर्समध्ये ठेव. आजींचे तिकीट त्याच विमानाचे काढले आणि काढतानाच चाकाच्या खुर्चीची मागणी नोंदवली. त्यांचे मूळ आधार कार्ड, औषधांची चिठ्ठी आणि छापील तिकीट एका कापडी पिशवीत घालून ती पिशवी त्यांच्या गळ्यात अडकवली. आमच्या सौभाग्यवतींनी आजींसह १ क्रमांकाच्या टर्मिनलच्या दाराशी उभे राहायचे आणि आम्ही २ क्रमांकाच्या आगमनाच्या दाराशी, असे ठरले. आणखी एक गोष्ट ठरवली, आणि तीच महत्त्वाची ठरली. सिंगापूरचे विमान उशिरा आले तर काय, हा निर्णय आम्ही विमानतळावर घेण्याचे ठेवले नाही. अकरा वाजेपर्यंत नात दाराशी आली नाही, तर आजी तिच्यासाठी थांबणार नाहीत. त्या एकट्या आत जातील. हे आजींना विचारून ठरवले. त्या म्हणाल्या, “माझा मुलगा तिकडे आहे. मी कोणासाठी थांबू?”

विमान चाळीस मिनिटे उशिरा आले. अकरा वाजले. नातीचा पत्ता नाही. दारापुढे आपल्याला जाता येत नाही. तिकीट असेल त्यालाच प्रवेश. खुर्ची ढकलणारा मुलगा आला आणि आजी आत गेल्या. साठ वर्षे या प्रांतात काढलेल्या त्या. त्यांचे तमिळ आपल्या सर्वांपेक्षा चांगले. दारातून आत जाताना त्या त्या मुलाला त्याच्या गावाची आणि आईची चौकशी करीत होत्या, असे सौभाग्यवतींनी मागाहून सांगितले. अकरा वाजून पाच मिनिटांनी नात आमच्यापुढे उभी राहिली. तिला आम्ही पाणी विचारले नाही, प्रवास कसा झाला हेही विचारले नाही. तिची बॅग आम्ही घेतली आणि दोघे चालू लागलो. दहा मिनिटांत ती १ क्रमांकाच्या दारातून आत गेली. सुरक्षा तपासणीच्या पलीकडे आजी आणि नात एकमेकींना भेटल्या, असा निरोप विमान सुटण्याच्या आधी आला. त्या संध्याकाळी पुण्यात आईने मुलाचा हात हाती घेतला. त्याने आईला ओळखले. त्यानंतर तो चार दिवस होता.

बंधुभगिनींनो, ही हकिगत सांगण्यात मंडळाच्या कार्यकर्त्यांची पाठ थोपटण्याचा हेतू नाही. तीन कुटुंबांची एक सकाळ गेली, याहून अधिक त्यात काही नाही. परंतु ते काम का साधले हे पाहिले पाहिजे. प्रवाशाने करावयाचे काम एवढेच ठेवले होते की, तिने उतरावे आणि चालावे. पोहोचवणे, थांबणे, वाट पाहणे, ओझे उचलणे, कागद सांभाळणे ही सारी कामे येथल्यांनी घेतली. भेटीची जागा एकच, तीही आकड्यासह ठरलेली. आणि वेळ चुकल्यास काय करायचे हे शांत डोक्याने, आदल्या रात्री, ज्याचे त्याला विचारून ठरलेले. घड्याळ पुढे सरकत असताना माणूस प्रेमाने निर्णय घेतो. आणि अशा वेळी प्रेमाने घेतलेला निर्णय बहुधा थांबण्याचा असतो. अकरा वाजता आजींना नातीसाठी थांबवून धरले असते, तर त्या दारात उशीर आणि काळजी यांखेरीज काहीच वाढले नसते.

आता पिशवीचा विषय. गावाकडून मेतकूट यावे, गोडा मसाला यावा, आणि आपण इकडून फिल्टर कॉफीची पूड पाठवावी, ही देवाणघेवाण आपल्या सर्वांच्या जिव्हाळ्याची आहे. परक्या मुलखातील मराठी स्वयंपाकघर कितीतरी वर्षे येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पिशवीवर चालले. परंतु काळ बदलला आहे आणि नियमही. सामान देताना, ते तुम्ही स्वतः भरले आहे काय, कोणी काही नेण्यास दिले आहे काय, असे प्रवाशाला विचारले जाऊ शकते. त्याचे उत्तर खरेच द्यायचे असते आणि आपल्या पिशवीतील प्रत्येक वस्तूची जबाबदारी कायद्याने त्याचीच असते. म्हणून आमचा नियम असा की, शिवलेली किंवा चिकटपट्टीने बंद केलेली पिशवी कोणाच्याही हाती देऊ नये, आणि कोणाकडूनही घेऊ नये. मग देणारा सख्खा मेहुणा का असेना. पिशवी उघडी असावी, वस्तूंची यादी वर ठेवावी, आणि नेणाऱ्याने ती आपल्या हाताने भरून घ्यावी. यात अविश्वास नाही. आपल्या आग्रहापायी दुसऱ्याच्या मुलाला तपासणीच्या खोलीत तासभर बसावे लागू नये, एवढीच काळजी आहे.

वस्तूंचेही तारतम्य हवे. सुके खोबरे ही आपल्या स्वयंपाकातील निरुपद्रवी वस्तू. पण विमान वाहतुकीच्या नियमांत तिची गणना आपोआप तापून पेट घेऊ शकणाऱ्या मालात होते, कारण तिच्यात तेल असते. तेव्हा खोबऱ्याच्या वाट्या विमानाने पाठवण्याच्या भानगडीत पडू नये. साजूक तूप आणि तेलाचे लोणचे हातातल्या पिशवीत असेल तर सुरक्षा तपासणीत अडते. आंतरराष्ट्रीय प्रवासात तर कोणताही पातळ पदार्थ शंभर मिलिलिटरच्या बाटलीपलीकडे हातात नेता येत नाही. एका माउलीने मुलासाठी वर्षाचे लोणचे दिले आणि ते सुरक्षा तपासणीच्या टेबलावर राहिले, ही गोष्ट आम्हाला ठाऊक आहे. बरणी गेली याचे दुःख नव्हते, “आईला काय सांगू?” हे दुःख होते. आता चेन्नईत आणि परदेशांतही हे जिन्नस बरेचसे मिळतात. तेव्हा जे तिकडे मिळते ते पाठवण्याचा आग्रह सोडावा. जे मिळत नाही तेवढेच पाठवावे. आणि तेही प्रवाशाला वेळ असेल तर.

विमानातून उतरून रेल्वेने पुढे जाणाऱ्यांसाठी दोन शब्द. पूर्वी सेंट्रलहून एग्मोरला जाताना घामाघूम व्हावे लागे. २०१८ च्या मे महिन्यापासून ही दोन स्टेशने मेट्रोने जोडली गेली आहेत. विमानतळावर मेट्रो २०१६ साली पोहोचली, आणि आता तेथून सेंट्रलला थेट जाता येते. एग्मोरहून तंजावरकडची गाडी धरायची असेल, तर रस्त्याच्या पलीकडे तिरुसूलमचे लोकल स्टेशन आहे. तेथून बीचकडे जाणारी लोकल एग्मोरवरूनच जाते. टॅक्सीला जे तास लागतील त्यांचा भरवसा नाही. रुळावरच्या वाहनाचा आहे. पावसाच्या दिवसांत तर हे विशेष ध्यानात ठेवावे.

पावसाचा उल्लेख आला तेव्हा २०१५ चा डिसेंबर आठवल्यावाचून राहत नाही. अडयार नदीचे पाणी धावपट्टीवर आले आणि विमानतळ कित्येक दिवस बंद राहिले. अडकलेल्या प्रवाशांसाठी अरक्कोणम येथील नौदलाच्या तळावरून विमाने सोडावी लागली. २०२३ च्या डिसेंबरात मिचाँग वादळाच्या वेळीही विमानतळ बंद ठेवावे लागले. ऑक्टोबर ते डिसेंबर हा येथला पावसाळा. महाराष्ट्रातील नातेवाइकांना मात्र पावसाळा म्हटला की जून-जुलैच आठवतो. दिवाळीनंतर लग्नकार्यासाठी येथून तिकडे किंवा तिकडून इकडे येणाऱ्यांना या महिन्यांत दोन विमानांमध्ये अधिक अंतर ठेवायला सांगणे, हे आपले काम आहे. हे त्यांना पुण्यात बसून कळणार नाही, आपल्यालाच कळते.

आता समारोपाकडे येतो. पन्नास वर्षांपूर्वी हे मंडळ स्थापन झाले, तेव्हा येथला मराठी माणूस महाराष्ट्रापासून दूर होता आणि त्याला आधार हवा होता. आज आपली मुले आपल्याही पुढे गेली आहेत. ती सिंगापूरला आहेत, मेलबर्नला आहेत, दुबईला आहेत. आणि कित्येकदा आपल्या डोक्यावरून जातात. त्यांच्या आईवडिलांपैकी काही आज या सभागृहात बसले आहेत. वर्षातून एकदा दोन विमानांच्या मधल्या सतरा मिनिटांसाठी ते टर्मिनलच्या दाराशी उभे राहतात, हे आम्हाला माहीत आहे. कोणाला गुडघ्यांमुळे उभे राहवत नाही, कोणाला एवढ्या पहाटे गाडी मिळत नाही, कोणाला कोणत्या दाराशी जावे हे कळत नाही. रोज चित्रफोनवर मुलगा दिसतो, हे खरे. परंतु ज्याला पाठीवरून हात फिरवायचा आहे, त्याचे समाधान पडद्यावर होत नाही.

म्हणून या सुवर्णमहोत्सवी वर्षात एक साधी सूचना मांडतो. मंडळाने एक वही ठेवावी. पल्लावरम्, क्रोमपेट, नंगनल्लूर, आलंदूर, तांबरम् या विमानतळाजवळच्या भागांत राहणाऱ्या ज्या सभासदांना महिन्यातून एक सकाळ देता येईल, त्यांनी तिच्यात आपली नावे नोंदवावीत. ज्यांच्या घरचे कोणी येथून जात असेल, त्यांनी निदान चार दिवस आधी तारीख, वेळ, दोन्ही टर्मिनलांचे आकडे आणि काम काय ते कळवावे. काम सतरा मिनिटांत बसत नसेल, तर तसे स्पष्ट सांगण्याचा अधिकार वही सांभाळणाऱ्याला असावा. नाही म्हणणे हीही सेवाच आहे. खोटी आशा दाखवण्यापेक्षा ती केव्हाही श्रेयस्कर. या कामाला इमारत लागत नाही, देणगी लागत नाही, समारंभ लागत नाही. लागतो तो फक्त वेळेवर दाराशी उभा राहणारा माणूस.

सरफोजीराजांजवळ जमिनी होत्या, धान्याची कोठारे होती; आपल्याजवळ तसे काही नाही. परंतु त्यांच्या छत्रात जाणाऱ्याला ‘येथे आपली वाट पाहिली जाते’ ही जी खात्री होती, ती देणे आपल्याला परवडण्यासारखे आहे. वही मागच्या टेबलावर ठेवली आहे. पहिले नाव आमच्या सौभाग्यवतींनी लिहिले आहे, दुसरे आम्ही. तिसऱ्या ओळीवर आपले नाव यावे, एवढी विनंती.